शाळेचा पट कसा वाचावा? – हरसूल भागातील शाळांच्या निमित्ताने



ह्या पानावर एरवी आपण लागणीच्या तारखा, बेणेमळा, खताचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम वाचता. ह्या खेपेस आम्ही शाळेच्या पटाविषयी लिहीत आहोत. 'कारखान्याचे आणि शाळेच्या पटाचे काय देणे-घेणे?' असे कुणी विचारील. देणे-घेणे आहे, आणि ते आपल्या फडापासूनच सुरू होते.

आपल्या उसाला जे कोयते लागतात, त्यांतले काही त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल भागातून आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपणांस सांगायला नको. त्या जोडीला उचल दिली जाते, तिचा करार होतो, तिने तोडलेले टनेज मांडले जाते. पण तिच्याबरोबर जी दोन-तीन पोरे येतात, ती आपल्या कुठल्याच वहीत नसतात. ती असतात हरसूलकडच्या एखाद्या शाळेच्या वहीत. त्या वहीतला आकडा सप्टेंबरात एक सांगतो, आणि डिसेंबरात वर्गातली रिकामी बसकरपट्टी दुसरेच सांगते. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा ह्या लेखाचा विषय होय.

शिवाय आपल्यापैकी पुष्कळ जण आपापल्या गावी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. शिक्षणहक्काच्या कायद्याने ह्या समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या महिला. समितीच्या बैठकीत गुरुजी पटाचा कागद पुढे करतात, आपण सही करतो, चहा होतो, झाले! कागदात काय लिहिले आहे हे विचारायला माणूस संकोचतो. तो संकोच जरा कमी व्हावा, एवढ्यासाठीही हे लिहिणे.

प्रथम 'पट' म्हणजे काय ते पाहू. आपल्या कारखान्याचे शेअर रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. त्यात सभासद किती? हजारो. पण ह्या हंगामात ऊस घातला किती जणांनी? आकडा वेगळा येतो. काही सभासद वारले, वारसाची नोंद राहून गेली. काहींनी द्राक्षबाग केली. काहींचा ऊस शेजारच्या कारखान्याने नेला. रजिस्टर खोटे नाही, परंतु रजिस्टरवरून गाळपाचा अंदाज बांधणारा फसेल. शाळेचेही असेच. जनरल रजिस्टरात जे नाव एकदा चढले आणि दाखला देऊन कमी झाले नाही, ते नाव पटावर. त्या दिवशी प्रत्यक्ष बसलेले मूल हजेरीत. पट ही नोंद आहे, हजेरी हा काटा आहे. शाळेविषयी बोलताना ह्या दोहोंची गल्लत फार होते, आणि ती करणारे सगळेच अडाणी असतात असे नाही.

दर वर्षी प्रत्येक शाळेची माहिती सरकारकडे जाते, तिला 'यूडायस' म्हणतात. २०१२-१३ पासून प्राथमिक व माध्यमिक शाळांची माहिती एकत्र ह्या नावाखाली जमू लागली. प्रत्येक शाळेला ११ आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, नाशिकचे २०. मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन खुद्द शाळेचे. म्हणजे सात-बाराचा गट नंबर जसा, तसा हा शाळेचा नंबर. शाळेच्या भिंतीवर तो बहुधा रंगवलेला असतो. तो टिपून घेतला की संकेतस्थळावर त्या शाळेचा पट, शिक्षक, खोल्या, मुलींचे संडास, पाण्याची सोय हे सारे कुणालाही पाहता येते. आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल.

आता खरी मेख. ह्या माहितीची तारीख ठरलेली आहे : ३० सप्टेंबर. त्या दिवशी पटावर किती मुले, तो त्या वर्षाचा पट. शिक्षकांची पदे ठरवताना, ज्याला संचमान्यता म्हणतात, त्यातही ह्याच सुमाराच्या पटाचा आधार घेतला जातो. शहरातल्या शाळेला ३० सप्टेंबर काय आणि ३० डिसेंबर काय, सारखेच. पण हरसूल भागाचा विचार करा. नाशिकहून गिरणारेमार्गे वाघेरा घाटाने खाली गेलात की सगळा मुलूख पावसाचा. भात, नागली, वरई ही पिके. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी अशी वस्ती. जमीन थोडी, डोंगरउताराची, आणि दुसऱ्या पिकाला पाणी नाही. भात झोडून कणगीत पडले की घरात काम उरत नाही. दिवाळीच्या आगेमागे माणसे निघतात. कुणी गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभी राहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, कुणी ऊसतोडीला. म्हणजे ३० सप्टेंबरला भात उभे असते, माणसे घरी असतात, मुले शाळेत असतात. पट भरगच्च दिसतो. आपला बॉयलर पेटतो तो त्यानंतर! पट मोजण्याची तारीख आणि आपला हंगाम यांमध्ये हे जे पाच-सहा आठवडे आहेत, त्यांत एका अख्ख्या वर्गाचे चित्र पालटते आणि सरकारी कागदाला त्याचा पत्ता लागत नाही.

हिशेब ध्यानात यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे आमच्या मनाचे आहेत, कुठल्या एका शाळेचे नव्हेत. समजा, एका पाड्यावर चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिलीत २२, दुसरीत १७, तिसरीत १४, चौथीत ११, एकूण पट ६४. शिक्षणहक्काचा कायदा (२००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून) सांगतो की पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. म्हणजे ६४ च्या पटाला तीन शिक्षक.

आता चार मुले कमी करा. पट झाला ६०, आणि शिक्षक दोन. चार मुले म्हणजे किती? दोन कोयत्यांची पोरे! दोन जोडप्यांनी जाताना रीतसर दाखले काढून नेले, किंवा शाळेने ती नावे खारीज केली, की राहिलेल्या साठ मुलांचा एक गुरुजी जातो. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातले एक गुरुजी केंद्रशाळेच्या बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला. मग एकटा माणूस चार वर्ग हाकतो. पटाचा आकडा हा नुसता कागदावरचा आकडा नाही, तो माणूस आणतो आणि माणूस नेतो. म्हणूनच काही ठिकाणी पट फुगवण्याचा मोह झाला, आणि त्याचा बोभाटा व्हायचा तो झाला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ह्या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली होती. लाखो नावे अशी निघाली की ज्यांना मूलच नव्हते. आमचे मत असे की पडताळणी योग्यच होती. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट लोकांच्या मनात राहून गेली, की गैरहजर म्हणजे बोगस. तसे नव्हे. बोगस नावाला आईबाप नसतात. हरसूलच्या गैरहजर मुलाला आहेत, आणि ते आपल्या फडात असतात.

हजेरीची सरासरी ही आणखी एक फसवी गोष्ट. वरच्याच शाळेत समजा दिवाळीपूर्वी १०० दिवस रोज ५८ मुले बसली आणि दिवाळीनंतर १०० दिवस रोज ३५. वर्षाची सरासरी काढा : ५,८०० अधिक ३,५००, भागिले २००. उत्तर साडेशेहेचाळीस. टक्केवारी सुमारे ७३. कागदावर '७३ टक्के हजेरी' असे वाचले की वाटते, बरे आहे, पाऊण मुले येतात. पण पाऊण मुले आली असा दिवस त्या वर्षात बहुधा एकही नव्हता! अर्धे वर्ष शाळा भरलेली, अर्धे वर्ष जवळजवळ अर्धी. आपण उताऱ्याची सरासरी काढतो तेव्हा नोव्हेंबराचा उतारा आणि फेब्रुवारीचा उतारा वेगळा पाहतो की नाही? तसेच इथेही महिन्यावार हजेरी मागावी. वर्षाची सरासरी घेऊन परत फिरू नये.

हजेरी खरी की लिहिलेली, हे पडताळायचे असेल तर दुसरी एक वही आहे, ती म्हणजे पोषण आहाराची. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. ३५ मुले जेवली तर साडेतीन किलो, ६४ जेवली तर सहा किलो चारशे ग्रॅम. आपल्या मायभगिनी समितीवर असतील तर त्यांना पातेल्याकडे पाहूनच कळेल.

आता वरच्या पटाकडे पुन्हा पाहू : २२, १७, १४, ११. हा कागद पाहून एखादे साहेब चटकन म्हणतील, 'पहिलीत बावीस आणि चौथीत अकरा, म्हणजे निम्मी मुले गळाली!' ह्यावर आम्ही म्हणू, थांबा. आजच्या चौथीतली मुले ही आजच्या पहिलीतली मुले नव्हेत. ती तीन वर्षांपूर्वी पहिलीत होती. तेव्हाचे रजिस्टर काढा. तेव्हा पहिलीत १२ असतील, तर एकच कमी झाला आहे, आणि ही शाळा उत्तम चालली आहे. तेव्हा २३ असतील, तर मात्र खरोखरच निम्मी गेली. लागणीचा ऊस आणि खोडवा शेजारी शेजारी उभे असले म्हणून एकाची वाढ दुसऱ्यावरून मोजत नाहीत. एकच सरी धरून वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहावे लागते.

आणि गेली ती कुठे गेली? 'गळाली' हा शब्द आम्हांला आवडत नाही. आदिवासी भागात आश्रमशाळा आहेत. आईबाप सहा महिने बाहेर, तर मुलाला तिथे दोन वेळचे जेवण आणि झोपायला जागा मिळते. शहाणा बाप मुलाला तिथे घालतोच. पाड्यावरच्या शाळेचा पट घटतो, आश्रमशाळेचा वाढतो, मूल मात्र शाळेतच असते. त्यामुळे एकाच शाळेचा कागद घेऊन गावाची पोरे शिकतात की नाही हे सांगता येत नाही. आश्रमशाळेचा पट पाहून 'हरसूलमध्ये इतकी मुले शिकतात' असे म्हणणेही चूक, कारण त्यात आजूबाजूच्या कितीतरी पाड्यांची मुले असतात. आपल्या तळावर गाडीवाले दहा गावचे उतरले म्हणून ते आपल्या गावचे होत नाहीत.

कागदावर पुढे रकाने येतात : मुलगे, मुली, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती ब, क, ड, विशेष मागास, इतर मागास, खुला, अल्पसंख्याक, दिव्यांग. कुणाला वाटते, शाळेत जात कशाला विचारतात? तक्रार समजण्यासारखी आहे. पण ह्या रकान्यांवर पैसे ठरतात. जमातीच्या मुलांची शिष्यवृत्ती ह्या रकान्यातून निघते. १९९२ साली सुरू झालेला मुलींचा उपस्थिती भत्ता, रोजचा एक रुपया, पहिली ते चौथीतल्या दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी होता. तोही ह्याच रकान्यावरून मोजला जाई. नोंद चुकली की हक्क चुकला.

एक गोष्ट मात्र ह्या रकान्यांत दिसत नाही. हरसूलकडच्या शाळेत 'अनुसूचित जमाती' ह्या एका रकान्यात जवळजवळ सगळाच वर्ग बसतो. कोकणा, कोळी, वारली, कातकरी सारे एकत्र. पण कोकणा समाजातल्या पुष्कळ घरांत स्वतःची शेती आहे, शिकलेले शिक्षक आहेत. कातकऱ्यांच्या बऱ्याच घरांना राहते अंगणही आपल्या नावाचे नसते. एकाच आकड्याखाली ही दोन घरे झाकली जातात. तसेच 'माध्यम : मराठी' असे छापलेले असते. घरात कोकणी बोलणारे सहा वर्षांचे मूल पहिलीत येते (ही कोकणी रत्नागिरी-गोव्याकडची नव्हे, डांगी मुलखातली), तेव्हा पुस्तकाची मराठी त्याला निम्मी परकी असते. ही अडचण कागदाला कळत नाही. वर्गात बसून पाहणाऱ्यालाच ती कळते.

मुलींच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. लहान वर्गात टक्केवारी काढू नये. अकरांच्या वर्गातून एक मुलगी गेली की '९ टक्के घट' होते, आणि अहवालात ते भयंकर दिसते. तिथे टक्के नकोत, नाव हवे. ती मुलगी कोण, कुठे गेली, धाकट्याला सांभाळायला कोपीवर तर बसली नाही ना, हे विचारावे. तालुका-जिल्ह्यासाठी टक्केवारी ठीक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या १,००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. सपाटीवरच्या आपल्या सधन गावांनी ह्यावर विचार करण्यासारखा आहे, कारण आदिवासी समाजात हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरे होते. आमच्या वर्गात मुली कमी का, ह्याचे उत्तर नेहमी शाळेतच सापडते असे नाही.

आणखी एक कोडे पुष्कळांना पडते. 'पटनोंदणी १०४ टक्के' असे कधी वाचायला मिळते. शंभरातले एकशे चार कसे? ह्याला ढोबळ प्रमाण म्हणतात. वर पटावरची सगळी मुले, खाली त्या वयाची लोकसंख्या. उशिरा दाखल झालेली मोठी मुले, शेजारच्या तालुक्यातून आलेली मुले, दोनदा लिहिलेली मुले, सारी वरच्या आकड्यात येतात. खालची लोकसंख्या मात्र जनगणनेवरून अंदाजाने वाढवलेली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून हा अंदाज २०११ च्या पायावर उभा राहिला. त्यातच त्र्यंबकेश्वर तालुका वेगळा झाला १९९९ साली, त्यामुळे त्याआधीचे आकडे ह्या नावाने सापडतच नाहीत. म्हणून तालुक्याचे टक्के पाहून खूश किंवा नाराज होण्यापेक्षा पाड्यातली घरे मोजलेली बरी. पन्नास उंबऱ्यांचा पाडा मोजायला दोन तास पुरतात.

शाळाबाह्य मुलांची मोजणीही अशीच तारखेत अडकते. आपल्या राज्यात महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर राहिलेले मूलही शाळाबाह्यच धरतात. ह्या व्याख्येने ऊसतोडीला गेलेले प्रत्येक मूल, जर तिथे शाळेत बसले नाही तर, शाळाबाह्य ठरते. पण राज्यभर एकाच दिवसाचे मोठे सर्वेक्षण झाले ते ४ जुलै २०१५ रोजी. जुलैत आपले पट्टे पडले होते, टोळ्या आपापल्या गावी आवणीत होत्या आणि मुले शाळेच्या पटावर. जाळे टाकले खरे, पण मासे तेव्हा दुसऱ्या डोहात होते.

अलीकडे प्रत्येक मुलाची नोंद आधार क्रमांकाशी जुळवतात. दुबार नावे त्यामुळे निघाली, हे चांगलेच झाले. परंतु २०२२-२३ च्या संचमान्यतेत आधार जुळलेलीच मुले धरायची ठरले, आणि मग जनरल रजिस्टरात 'काळू' व आधारवर 'काळूराम' एवढ्यावरून जितीजागती मुले मोजणीबाहेर राहण्याची पाळी आली. तेव्हा सभासदहो, आपल्या नातवंडांचेही नाव व जन्मतारीख दोन्हीकडे एकसारखी आहे का, हे आजच पाहून घ्या.

आता आपल्या बाजूचे. गेल्या हंगामात आम्ही आमच्याच एका गट कार्यालयात सहज विचारले, 'तळावर पोरे किती आहेत?' टोळ्या किती, कोयते किती, बैलजोड्या किती, उचल किती, हे चिटबॉयने तोंडपाठ सांगितले. बैलांचे लसीकरणसुद्धा झाले होते. पोरांचा आकडा मात्र कुणालाच सांगता आला नाही. आम्हांलाही तोवर विचारायचे सुचले नव्हते, हे कबूल करतो.

कायदा ह्या बाबतीत मुलाच्या बाजूचा आहे. स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला जवळच्या शाळेत घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. दाखला आणला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, आणि वयाला योग्य त्या वर्गात बसवावे लागते. गावाकडून निघताना मूळ शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते. ते दाखवले की मूल आपल्या गावच्या शाळेत बसते आणि परत गेल्यावर पुन्हा आपल्या वर्गात जाते. दाखला काढला तर हरसूलच्या पटावरून नाव जाते, आणि वर सांगितला तो तिसरा गुरुजी धोक्यात येतो. हमी कार्डाने नाव तिथे राहते, मूल इथे शिकते. म्हणून मुकादमाने 'दाखले काढून आणा' असे सांगू नये, 'हमी कार्ड आणा' असे सांगावे. ज्यांची आजी-आजोबा घरी आहेत, त्यांनी मुलांना मागेच ठेवावे. हंगामी वसतिगृहाची सोय गावाकडे झाली तर त्याहून उत्तम.

कारखान्याने ह्या हंगामापासून टोळी नोंदवहीत चार रकाने आखून घेतले आहेत : मुलाचे नाव, वय, मूळ शाळेचा यूडायस क्रमांक, हमी कार्ड आहे की नाही. टोळी तळावर उतरली की आठ दिवसांत ही यादी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यायची आहे. आपल्या शेतात टोळी आली असेल तर फडावर पोरे दिसताच गट कार्यालयात कळवावे. वहीचे पहिले पान आम्ही पुढच्या अंकात छापू, रकाने रिकामे असले तरी.